एकेकट्याची साक्ष

पाहुणे चार आले असले तर आमचे घरमालक चौघांना मिळून ‘चहा घेणार का?’ असं कधी विचारत नसत. एकेकाला उठवून मधल्या खोलीत नेत, दार लोटून घेत आणि हळू आवाजात विचारत, “खरं सांगा, चहा पाहिजे का?” पहिल्यांदाच आलेल्या माणसाला वाटे, घरात काहीतरी विपरीत घडलंय आणि ते आपल्या कानावर घालतायत. तो गोंधळून ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणून बाहेर येई. बाहेर बसलेले तिघे त्याच्या तोंडाकडे बघत राहत. मग दुसऱ्याची पाळी.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होतो. नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. लग्न व्हायचं होतं. मी राहायला गेलो त्याच दिवशी मलाही मधल्या खोलीत नेण्यात आलं. मी एकटाच होतो, तरीसुद्धा. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना या रिवाजाबद्दल विचारलं.

ते म्हणाले, “चौघांसमोर विचारलं की पहिला संकोचानं ‘नको’ म्हणतो. मग दुसरा नको, तिसरा नको. चौघंही घसा कोरडा घेऊन घरी जातात. पहिल्यानं ‘चालेल’ म्हटलं, तर ज्याला पित्त आहे तोसुद्धा पितो आणि रस्त्यानं पोट धरून जातो. मग मी चहा पाजला कुणाला? पहिल्यालाच की. चारदा.”

गल्लीत त्यांना आप्पा म्हणत. सोलापूरच्या कोर्टात ते सगळी उमर दुभाषी होते. घरची भाषा कानडी, शाळेची मराठी, शेजारच्या विणकरांच्या घरांतून तेलुगू आलेली आणि बाजारातून दखनी. साक्षीदार ज्या भाषेत बोलेल ती ते साहेबाला समजेल अशी करून सांगायचे. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला जुन्या पद्धतीचा रुमाल, कपाळाला भस्म. कुणी बोलायला लागलं की डोळे मिटून घेत. समोरच्याला वाटे यांना झोप लागली. बोलणं संपलं की डोळे उघडून त्याचंच वाक्य त्याला जसंच्या तसं परत ऐकवत. “म्हणजे तुम्ही म्हणालात की...” कितीतरी माणसं स्वतःचं वाक्य असं परत आल्यावर ते बदलून घेत.

दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोललेल्या या माणसाला पेन्शनीत स्वतःचं बोलायची घाई झाली होती. संध्याकाळी मी शाळेतून आलो की ओट्यावर त्यांनी माझी वाट अडवलेलीच असे. विषय बहुधा एकच. माणूस एकटा असताना कसा असतो आणि चौघांत बसला की त्याचं काय होतं.

या नादाचं मूळ एका बैलात होतं. शेताच्या बांधावरून भावकीतल्या दोन घरांत मारामारी झाली होती आणि कुणाचा बैल कुणाच्या रानात शिरला यावर सगळा खटला उभा होता. पाच साक्षीदारांनी पाठोपाठ सांगितलं, बैल पांढरा होता. सहावा एक म्हातारा धनगर. तो कानडीत म्हणाला, “काळा होता.” म्हणाला आणि मागं वळून बाकावर बसलेल्या पाच जणांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, डोळेही वटारले नाहीत. म्हातारा पुन्हा साहेबाकडे वळला आणि म्हणाला, “पांढरा होता.” आप्पांनी दोन्ही वाक्यं साहेबाला सांगितली. काळा होता, पांढरा होता. साहेब त्यांच्यावरच चिडला. दुभाष्याला भाषा येत नाही काय, असं सगळ्यांदेखत बोलला.

“मला वाटलं, म्हाताऱ्याला दम दिलेला असणार,” आप्पा सांगायचे. “कोर्ट उठल्यावर त्याला लिंबाच्या सावलीत गाठला. म्हटलं, बाबा, आता कुणी नाही, खरं सांग. कुणी भीती घातली? तो म्हणाला, भीती कशाची? मला तर काळाच दिसला होता. पण ते पाच जण पांढरा म्हणतात. पाच जणांचे दहा डोळे. माझेच डोळे गेले असतील. आणि मास्तर, तो खरंच बोटानं डोळे चोळून बघत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, तुमचा रुमाल तांबडा हाय न्हवं? त्याला तेवढीही खात्री राहिली नव्हती.”

खोटी साक्ष आप्पांनी पुष्कळ पाहिली होती. तिचं त्यांना काही वाटत नसे. पण खऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास वाटावा, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. तेव्हापासून ते माणसाला एकटं गाठू लागले.

‘लोक म्हणतात’ हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. शेजारचा मिलमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, एकदा म्हणाला, “लोक म्हणतात, यंदा मिल बंद पडणार.” आप्पांनी लगेच घरात हाक मारली, “अगं, घोंगडं आण.” आणि जॉबरला म्हणाले, “बोलवा त्या लोकांना. बसायला घोंगडं टाकतो. मला त्यांना एकदा बघायचंय. लहानपणापासून नाव ऐकतोय.” जॉबर ओशाळला. एकदा हे शोभून गेलं. पण आप्पा प्रत्येक वेळी घोंगडं मागवत. शेवटी गल्लीतल्या माणसांनी त्यांच्या ओट्यासमोरून जाताना बोलायचंच सोडलं.

पण या विक्षिप्तपणाचा उपयोग होताना मी एकदा पाहिला. भर उन्हाळ्यात आम्ही दोघं बाजारातून येत होतो. एक हमाल पाठीवरच्या पोत्यासकट रस्त्यात कोसळला. क्षणात भोवती रिंगण झालं. बायका हळहळत होत्या. पुरुष म्हणत होते, “अरे, कुणीतरी पाणी आणा. कुणीतरी सावलीत घ्या.” सगळेच म्हणत होते आणि जागचं कुणी हलत नव्हतं. आप्पा रिंगण फोडून आत शिरले आणि बोट दाखवून बोलायला लागले. “अहो पिवळ्या पटक्याचे, समोरच्या दुकानातनं पाणी. छत्रीवाले, तुम्ही हितं या, याच्या तोंडावर छत्री धरा. तू रे, लाल मुंडाशावाल्या, टांगा बघ.” आणि काय सांगावं, तिघंही वाट बघत असल्यासारखे पळाले. पिवळ्या पटक्याच्या माणसानं तर अख्खी घागर उचलून आणली. हमाल तोंडावर पाणी पडल्यावर शुद्धीत आला.

घरी येताना मी म्हटलं, “काय निगरगट्ट माणसं ही.”

“निगरगट्ट असती तर घागर आणली असती का?” आप्पा म्हणाले. “माणसं चांगली होती. प्रत्येकजण कुणीतरीची वाट बघत होता. हा ‘कुणीतरी’ सोलापुरात राहत नाही मास्तर. मी समन्स काढून दमलोय.”

त्यांचा स्वभाव मात्र सरळ नव्हता. चौघं एक करतात म्हणून आपण ते करायचं नाही, ही त्यांची खोड पुष्कळदा निव्वळ आडमुठेपणाची होती. पेठेत पांढऱ्या टोप्यांचे दिवस आले तेव्हा त्यांनी टोपी घातली नाही. उलट टोपी घातलेल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन ‘तुम्ही का घातली?’ म्हणून विचारत सुटले. एकानं सांगितलं, देशासाठी. त्याला त्यांनी हात जोडले. दुसऱ्यानं सांगितलं, मेव्हण्यानं घातली म्हणून. त्याच्याकडे ते पुढे महिनाभर बघून हसत. मग टोपीवाल्यांना पोलीस अडवू लागले आणि पेठेतल्या टोप्या भराभर पेटीत गेल्या. त्या आठवड्यात आप्पांनी टोपी विकत आणली, रुमाल खुंटीला अडकवला आणि ती घालून बाजारातनं भाजी घेऊन आले. पेन्शन जाईल म्हणून त्यांच्या मुलीनं, गंगूनं, डोळ्यांत पाणी आणलं. ते म्हणाले, “घालायला कुणी सांगितलं म्हणून घातली नव्हती. काढायला कुणी सांगितलं म्हणून कशी काढू?” त्यांना कुणी अडवलं नाही. त्याचंही त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

हे सगळं मी लांबून बघत होतो. मला त्यांचं बोलणं आवडे, आणि ते बोलायचे थांबले की बरंही वाटे. नरसव्वाची गोष्ट घडली नसती तर मी त्यांना एक गमतीदार म्हातारा म्हणून लक्षात ठेवलं असतं.

नरसव्वा आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, नवरा वारलेला. ती सुईण होती. जातपात न बघता गल्लीतल्या सगळ्या घरांतून तिला बोलावणं येई. गल्लीतली बहुतेक पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. त्या उन्हाळ्यात तिनं बाळंतपण केलेल्या दोन घरांतली दोन तान्ही मुलं थोड्या दिवसांच्या अंतरानं गेली. एक तापानं गेलं, दुसरं जन्मल्यावर रडलंच नाही. त्या साली ऊन भयंकर होतं आणि तान्ही मुलं इतर गल्ल्यांतही दगावत होती, जिथं नरसव्वाचा पायसुद्धा लागला नव्हता. पण आमच्या गल्लीत हळूहळू एक वाक्य फिरायला लागलं. नरसव्वाच्या हाताला काहीतरी लागलंय.

कुणी तिला काही बोललं नाही. फक्त बोलावणं बंद झालं. जॉबरच्या सुनेचे दिवस भरले तेव्हा त्यांनी लांबच्या पेठेतली दुसरी सुईण टांग्यातून आणली. नळावर नरसव्वा आली की बायका आपल्या घागरी थोड्या बाजूला सरकवत. कडेवर पोर असलेली बाई पदर पोराच्या तोंडावर घेई. नरसव्वाही मग गर्दी ओसरल्यावर पाण्याला यायला लागली.

आप्पांच्या कानावर हे आलं तेव्हा ते पेटून उठले. त्यांना त्यात एक खटला दिसला असावा. दुसऱ्याच दिवसापासून ते घरोघर जायला लागले. प्रत्येक घरातल्या माणसाला वेगळं गाठायचं, बाईला वेगळं, सासूला वेगळं, आणि विचारायचं, “नरसव्वाच्या हाताला वाईट लागलंय असं तुम्हाला वाटतं का? लोकांचं सोडा. तुम्हाला?”

मलाही विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं. मला ते सोपं होतं. माझ्या घरात बाळंतीण नव्हती.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ते माडीवर आले. जिना चढल्यानं धापा टाकत होते, पण तोंडावर आनंद मावत नव्हता.

“मास्तर, कुणीच मानत नाही.”

“म्हणजे?”

“सगळी गल्ली झाली. जॉबर म्हणतो, मी न्हाय मानत, पर आमची म्हातारी मानती. म्हातारीला गाठली. ती म्हणते, ‘म्या न्हाय बाबा मानत. नरसी माझ्या डोळ्यांदेखत वाढली. पर सून भित्री हाय, शेजारच्या बाया बोलत्यात, लोकांचं त्वांड कोन धरनार?’ ती सून, म्हणजे जॉबरची बायको, म्हणते, मला काय बी वाटत न्हाय, सासूबाईंना वाटतंय. शेजारची म्हणते, मला नाही, जॉबरच्या घरात मानतात. प्रत्येकाला वाटतंय की आपण सोडून बाकी सगळी गल्ली मानते. आणि मानणारा एकही सापडत नाही! ज्यांची लेकरं गेली त्या आयासुद्धा म्हणाल्या, तिनं लई केलं, आमचंच नशीब.”

ते माझ्या खाटेवर बसले. “ही भिंत कुणीच बांधलेली नाही मास्तर. नुसती आहे असं सगळे धरून चाललेत. एकदा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की संपलं.”

रविवारी सकाळी गल्लीतल्या मारुतीच्या देवळासमोर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आप्पांना मान होता, माणसं आली. पुरुष पुढे, बायका मागं भिंतीला धरून. नरसव्वाला अर्थातच बोलावलं नव्हतं. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, “मी प्रत्येकाला एकेकट्याला विचारलंय. तुमच्यापैकी कुणाचाही या गोष्टीवर विश्वास नाही. बरोबर आहे ना? मग आता सगळ्यांसमोर म्हणा, की उद्यापासून नरसव्वाला बोलवायचं.”

माणसं एकमेकांकडे बघत होती. प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा वाचत होता, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कारण तोही हेच करत होता. बऱ्याच वेळानं जॉबर उठला. हात जोडून म्हणाला, “आप्पा, आमचं काय बी म्हननं न्हाय. तुमी म्हनता ते खरंच हाय. पर लोकांच्या मनात असंल तर उगा कशाला...”

“कुठले लोक?” आप्पांचा आवाज चिरकला. “सगळे तर हितं बसलेत! आणखी कोण राहिलं?”

मागून एक म्हातारी म्हणाली, “तसं न्हवं आप्पा. पर लेकराबाळांचा सवाल हाय.” माना हलल्या. एक मान हलली तशा सगळ्या हलल्या. सभा संपली. देवळासमोर आप्पा आणि मी, एवढेच उरलो. एकेकट्यानं जे सांगितलं होतं त्यातलं अक्षरही कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि त्याचा उपयोगही झाला नव्हता.

आप्पा तिथून उठून थेट नरसव्वाकडे गेले. मला बरोबर घेतलं. ती दारात ज्वारी पाखडत होती. आप्पा तिच्याशी तेलुगूत बोलले, मध्ये मध्ये माझ्यासाठी मराठीत सांगत होते. ते तिला म्हणाले की गल्लीत एकाही माणसाचा या गोष्टीवर विश्वास नाही, मी स्वतः सगळ्यांना विचारलंय. तिनं सूप थांबवलं नाही. थोड्या वेळानं ती एकच वाक्य बोलली. आप्पांनी डोळे मिटून ते ऐकलं, आणि डोळे उघडल्यावर परत तिला ऐकवलं नाही.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

मग नरसव्वानं आपल्या तुटक्या मराठीत मलाच सांगितलं, “दुसरं कुनी मानत नसंल मास्तर. मी मानते. ते लेकरू माज्या हातात गार पडलं. तवापासून हात हलतेत, बघा.” तिनं दोन्ही तळवे पुढे केले. ते खरंच थरथरत होते.

सगळ्या गल्लीत ही गोष्ट मानणारा एकच माणूस आप्पांना सापडला होता, आणि तो ती होती.

आप्पांची गंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आप्पांनी घरात जाहीर केलं, की गंगूचं बाळंतपण नरसव्वाच करील. त्यांच्या पत्नी, आक्का, चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. आप्पांना वाटलं, प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं.

गंगूला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, मी माडीवरच होतो. आप्पा अनवाणीच गल्लीच्या टोकाला धावले. दवाखाना लांब होता आणि टांग्यात घालून नेण्याजोगी तिची अवस्था नव्हती. थोड्या वेळानं आप्पा एकटेच परत आले. तोंड काळवंडलेलं.

“येत नाही म्हणते. सगळं समजावलं. हात कापतात म्हणते.” ते ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले. “काय सांगू तिला? सगळं सांगून झालं.”

आतून गंगूचा आवाज आला. मग आक्का बाहेर आल्या. मी त्या घरात राहायला आल्यापासून उंबऱ्याबाहेर त्यांच्या डोक्यावरचा पदर कधी घसरलेला पाहिला नव्हता. त्या तशाच, पदर खांद्यावर, भर उन्हात रस्त्यानं चालत गेल्या. दारोदारच्या बायका उठून उभ्या राहिल्या. आप्पा आणि मी मागून गेलो.

नरसव्वा आपल्या उंबऱ्यावर बसली होती. आक्कांना कानडी आणि कामापुरती मराठी येई, नरसव्वाला तेलुगू आणि तशीच मराठी. आप्पा मध्ये उभे राहिले, आता सांगायची वेळ येईल म्हणून. पण त्यांची गरज पडली नाही.

नरसव्वा म्हणाली, “आक्का, माज्या हाताला वाईट लागलंय.”

आक्का म्हणाल्या, “असंल. हात धुऊन घे आन् चल.”

नरसव्वा वर बघत राहिली. तिला बहुतेक ‘नाही गं, तसं काही नाही’ हे ऐकायची सवय झाली होती, आणि ते तिला खोटं वाटत होतं. हे काही वेगळंच होतं. ती उठली, रांजणातलं पाणी घेतलं, कोपरापर्यंत हात घासून धुतले. आक्कांनी तिचं मनगट धरलं आणि दोघी सगळ्या गल्लीच्या देखत चालत आल्या.

पुढचं आम्हा पुरुषांना भिंतीपलीकडूनच समजलं. बराच वेळ नुसता नरसव्वाचा आवाज येत होता, आधी बारीक, मग चढता. ती गंगूला तेलुगूत काहीतरी सांगत होती. गंगूला तेलुगू येत नव्हती, पण तिला ते कळत असावं. आप्पा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. मी विचारलं नाही तरी ते मला भाषांतर करून सांगत होते. “थांब म्हणते. आता जोर नको म्हणते. नाळ मानेला आहे म्हणते.” मग ते गप्प झाले. आतही सगळं गप्प झालं. मिलचा भोंगा झाला, तो संपला, आणि मग मूल रडलं.

मुलगी झाली होती. नाळेचा वेढा मानेभोवती होता. नरसव्वानं तो बोटानं सोडवला होता. त्या बोटाला तेव्हा कंप नव्हता, असं आक्का नंतर म्हणाल्या.

आठवडा झाला नाही तोच नरसव्वाला बोलावणं आलं, मग दुसरं आलं. नळावर बायका तिला आधी घागर लावायला देऊ लागल्या. आणि सगळे म्हणायला लागले, “आमी तर कवाच मानलं नव्हतं.” जॉबर म्हणाला. जॉबरची आई म्हणाली. देवळासमोर मान हलवलेला प्रत्येकजण म्हणाला. आप्पा चिडत. “मग टांगा कुणी बोलावला होता? घागरी कुणी सरकवल्या?” ते एकेकाला बाजूला घेऊन विचारायचे. माणसं खरोखर आठवायला लागत आणि त्यांना खरोखर काही आठवत नसे. मला तर वाटतं, त्यांनी खोटं बोललेलं आप्पांना परवडलं असतं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो होतो. पाहुणे पांगले होते. आक्का मधल्या खोलीत मुलीला पायावर घेऊन तेल चोळत होत्या. आप्पा समोर भिंतीला टेकून बसले होते आणि पुन्हा तोच विषय काढून बसले होते. बोलता बोलता त्यांना एकदम काहीतरी सुचलं. “मास्तर, सगळ्या गल्लीत न मानणारी आणि तसं वागणारी एकटी हीच निघाली.”

आक्का हसल्या. “कोन म्हनलं मी मानत नव्हते?”

आप्पांना ते नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. ते म्हणाले, “काय?”

“मानत होते की. लई मानत होते. बाळंतपण ती करनार म्हनून तुमी सांगितलं तवा रात रात झोप न्हवती. अजून बी थोडं मानते.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तुमी घरोघर इचारत फिरलात. मला कुटं इचारलंत?”

आप्पा सावरून बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “मग तिचा हात धरून आणलीस कशी?”

आक्कांनी मुलीला उताणी केली. “पोर वरडत होती. त्या टायमाला आपन काय मानतो अन् काय न्हाय, ते बघायला सवड हाय का?” त्यांनी मुलीला फडक्यात गुंडाळली आणि आप्पांच्या मांडीवर ठेवली. “धरा नीट. मला पानी तापवायचंय. मान सांबाळा.”

त्या चुलीकडे गेल्या. आप्पांनी नातीच्या मानेखाली हात घातला. त्यांना पुढे काहीतरी विचारायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही.